मुलांचे खेळ आणि मोठ्यांचा कित्ता

खेळ म्हणजे आपण होऊन पत्करलेले बंधन होय. विटी हाताने उचलून फेकणे हे ती दांडूने टोलवण्यापेक्षा सोपे आहे, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तरीही तो ती दांडूनेच टोलवतो. नियमाने निर्माण केलेली ही अडचण मान्य केली नाही, तर खेळ उरतच नाही. गल्लीत खेळणाऱ्या मुलांना हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. त्यांच्यातही लबाडी असते, नाही असे नाही. बाद झालेला मुलगा बॅट सोडत नाही. लपंडावात राज्य असलेला बोटांच्या फटीतून पाहतो. आट्यापाट्यांत हात लागला की नाही, यावरून तंटा होतो. परंतु या लबाडीचा निवाडा तेथल्या तेथे होतो. रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नाही, आणि चार दिवसांनी तो मुकाट्याने वळणावर येतो.

मुलांचा खेळ संघटित स्वरूपात येतो तेव्हा परिस्थिती पालटते. स्पर्धा आली की प्रवेशपत्रे येतात, वयोगट येतात, निवड समिती येते, ढाल आणि प्रमाणपत्र येते. आणि या सर्वांबरोबर मोठी माणसे येतात. त्यांच्यावाचून स्पर्धा भरणार नाहीत, हे खरे. परंतु बालक्रीडेतील ज्या फसवणुकींची नोंद झाली आहे, त्यांचा मागोवा घेतला असता एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. मैदानावर मूल असते. फसवणुकीची कल्पना, साधने आणि कागदपत्रे बहुधा मैदानाबाहेरच्या मोठ्या माणसांनी पुरवलेली असतात. प्रस्तुत प्रकरणात परदेशातील दोन प्रसिद्ध उदाहरणे प्रथम पाहू आणि नंतर आपल्या देशातील ‘वयचोरी’ या प्रश्नाकडे वळू.

अ‍ॅक्रनची उतरंड

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरी १९३५ पासून मुलांच्या गाड्यांची एक राष्ट्रीय शर्यत भरत आली आहे. या गाड्यांना इंजिन नसते. उतारावरून केवळ गुरुत्वाकर्षणाने त्या खाली धावतात, आणि स्पर्धकाने आपली गाडी स्वतःच्या हाताने तयार करावी, हा त्या काळी स्पर्धेचा मूळ हेतू होता. उताराच्या माथ्यावर गाड्यांची नाके पोलादी पट्टीला टेकवून उभी केली जात; पट्टी पुढे पडली की शर्यत सुरू होई.

१९७३ च्या शर्यतीत कोलोरॅडो राज्यातील चौदा वर्षांचा एक मुलगा विजयी झाला. परंतु परीक्षकांच्या मनात एक शंका उत्पन्न झाली. त्याची गाडी प्रत्येक फेरीत सुटताक्षणीच पुढे जाई. मात्र फेरीगणिक तिची आघाडी कमी कमी होत गेली होती. क्ष-किरण तपासणीत गाडीच्या नाकात विद्युतचुंबक आणि मागे विद्युतघट असल्याचे दिसून आले. मुलाने डोके मागच्या टेकूवर दाबले की चुंबकात प्रवाह वाहू लागे, आणि पोलादी पट्टी पुढे पडताना गाडीला आपल्याबरोबर ओढून नेई. विद्युतघट उतरत गेला, तशी आघाडीही ओसरत गेली. विजेतेपद दोन दिवसांत काढून घेण्यात आले आणि ७,५०० डॉलरची शिष्यवृत्ती दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाकडे गेली.

या कथेतील महत्त्वाचा भाग यापुढचा आहे. मुलगा आपल्या मामाकडे राहत असे. मामा हे अभियंते व यशस्वी उद्योजक होते आणि आदल्या वर्षीचे विजेतेपद त्यांच्याच घरातील मुलाला मिळाले होते. युक्ती त्यांची होती. ती उघडकीस आल्यावर त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पत्राचा आशय असा होता की, या शर्यतीत नियम मोडणे सर्रास चालते. सर्वच जण काही ना काही करतात. तेव्हा आपल्या मुलाला बरोबरीची संधी मिळावी म्हणून आपणही केले. पुढे अल्पवयीन मुलास गैरमार्गाला लावल्याच्या आरोपावरून त्यांना २,००० डॉलर भरावे लागले. ‘सगळेच करतात’ हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

दोन वर्षांचे अंतर

दुसरे उदाहरण २००१ सालचे आहे. अमेरिकेतील ‘लिटल लीग’ ही मुलांच्या बेसबॉलची संघटना १९३९ मध्ये स्थापन झाली. तिची जागतिक स्पर्धा पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट येथे होते. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील संघात डोमिनिकन प्रजासत्ताकातून आलेला एक गोलंदाज होता. तो ताशी ११० किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू टाकी. एका सामन्यात तर त्याने प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजाला पहिल्या तळापर्यंत पोहोचू दिले नाही. संघाला तिसरा क्रमांक मिळाला आणि शहराने त्याचे कौतुक केले.

या स्पर्धेची वयोमर्यादा बारा वर्षांची होती. नियतकालिकांनी मुलाच्या मूळ गावी जाऊन चौकशी केली, तेव्हा तो १९८९ मध्ये नव्हे तर १९८७ मध्ये जन्मल्याची नोंद सापडली. म्हणजे तो चौदा वर्षांचा होता. संघाचे सर्व विजय रद्द झाले. मुलाच्या वडिलांवर आणि संघाच्या संस्थापकावर लीगने आजन्म बंदी घातली. मोठ्या माणसांनी मुलाचा वापर करून घेतला, असाच लीगच्या प्रमुखांचा निष्कर्ष होता. या चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. अमेरिकेत आल्यापासून हा मुलगा शाळेतच गेलेला नव्हता. त्याच्या गोलंदाजीची काळजी वाहणाऱ्यांना त्याच्या शिक्षणाचे भान राहिले नव्हते. त्या मुलाचे नाव त्या वेळी जगभर छापले गेले. येथे ते पुन्हा देण्याचे कारण नाही.

बारा आणि चौदा या दोन आकड्यांतील अंतर प्रौढांना किरकोळ वाटेल. चाळीस वर्षांचा आणि बेचाळीस वर्षांचा मनुष्य यांत ताकदीचा विशेष फरक नसतो. वाढत्या वयात मात्र दोन वर्षे म्हणजे फार मोठा पल्ला होय. मुलग्यांच्या वाढीचा वेग सामान्यतः चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि त्या काळात एकाच वर्षात उंची नऊ-दहा सेंटिमीटरने वाढू शकते. मुलींमध्ये ही अवस्था सुमारे दोन वर्षे आधी येते. उंचीमागोमाग स्नायूंचे बळ येते. जो मुलगा या टप्प्यातून पार झाला आहे आणि ज्याच्या ठिकाणी तो सुरूही झालेला नाही, त्या दोघांना समोरासमोर उभे करणे म्हणजे कसोटी नव्हे.

प्रामाणिक व्यवस्थेतही थोडासा वयोभेद किती परिणाम करतो, हे कॅनडातील रॉजर बार्नस्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. तेथील आइस हॉकीत वयोगट १ जानेवारीपासून मोजला जाई. वरच्या दर्जाच्या संघांतील खेळाडूंच्या जन्मतारखा त्यांनी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या लक्षणीय रीत्या अधिक भरली. नऊ-दहा महिन्यांनी थोर असलेला मुलगा थोडा उंच, म्हणून निवडला जातो. निवडला गेला, म्हणून त्याला चांगला मार्गदर्शक मिळतो. आणि मार्गदर्शक मिळाला, म्हणून तो खरोखरच पुढे जातो. काही महिन्यांचा हा प्रताप असेल, तर कागदोपत्री चोरलेल्या दोन-तीन वर्षांचा प्रभाव किती असेल, याची कल्पना करता येईल.

दोन वाढदिवस

आपल्या देशात खोट्या वयाचा हा प्रकार इतका परिचित आहे की त्याला ‘वयचोरी’ असे सुटसुटीत नाव पडले आहे. क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन, मैदानी खेळ, कुस्ती यांपैकी कोणतेही क्षेत्र त्यापासून सर्वस्वी मुक्त राहिलेले नाही. शालेय क्रीडास्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात, आणि प्रत्येक गटाच्या उंबरठ्यावर एक मोह उभा असतो.

या प्रश्नाचे मूळ काही अंशी आपल्या नोंदींच्या इतिहासात आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ साली संमत झाला, परंतु त्यानंतरही अनेक वर्षे खेड्यापाड्यांतील असंख्य जन्म नोंदले गेले नाहीत. मूल शाळेत घालतेवेळी गुरुजी अंदाजाने तारीख लावीत. महाराष्ट्रातील आणि उत्तर कर्नाटकातील जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असणाऱ्यांची संख्या एवढी मोठी का, याचे उत्तर शाळेच्या दाखल्यात आहे. त्या तारखेत अज्ञान होते, सोय होती. कोणाला फसवण्याचा हेतू बहुधा नव्हता.

वयचोरी ही या अज्ञानाच्या आडोशाने वाढलेली वेगळी गोष्ट होय. जन्मानंतर एक वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने उशिरा नोंद करण्याची सोय कायद्यात आहे. ज्यांची नोंद खरोखरच राहून गेली, त्यांच्यासाठी ती आवश्यकच आहे. परंतु याच वाटेने दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा नवा जन्म नोंदवून घेता येतो. कोठे शाळा बदलून आधीची एक-दोन वर्षे पुसली जातात, कोठे जुना दाखला हरवल्याचे सांगितले जाते. २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशादी कामांसाठी जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा ठरला आहे. त्याचा उपयोग होईल. परंतु ही मुले स्पर्धांच्या वयात यावयास अद्याप अवधी आहे.

आता या व्यवहारातील पात्रे पाहावीत. अकरा वर्षांचे मूल कचेरीत जाऊन प्रतिज्ञापत्र करू शकत नाही. प्रशिक्षक सुचवतो, वडील सही करतात, मुख्याध्यापक शिक्का मारतात, संघटनेचा पदाधिकारी प्रवेशपत्र पुढे पाठवतो. प्रत्येकाजवळ आपापले कारण असते. प्रशिक्षकाची नेमणूक संघाच्या निकालावर टिकून असते. शाळेला फलकावर नाव हवे असते. पालकांची गरज तर अनेकदा अगदी खरी असते: राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणपत्रामुळे रेल्वेसारख्या खात्यांत नोकरीची वाट उघडते, महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण आहे. ज्या घरात महिन्याची मिळकत ठरलेली नाही, तेथे एका प्रमाणपत्राचे मोल काय असते, हे सांगावयास नको. आणि या सर्वांच्या तोंडी अ‍ॅक्रनच्या मामांचेच वाक्य असते: सगळेच करतात, आपण केले नाही, तर आपलेच मूल मागे राहील.

मुलाच्या वाट्याला मात्र दोन वाढदिवस येतात. एक घरचा आणि एक कागदावरचा. पाहुण्यांनी वय विचारले, तर कोणते सांगावयाचे, हे त्याला पढवावे लागते. खोटे बोलू नये, हे सांगणारी आई आणि ‘साहेबांनी विचारले तर बारा सांग’ असे बजावणारी आई एकच असते. यातून मुलाला मिळणारा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक खोल रुजतो.

हाडांची साक्ष

कागद खोटा असू शकतो म्हणून क्रीडासंघटना शरीराकडे वळल्या. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१२ पासून सोळा वर्षांखालील मुलग्यांसाठी ज्या पद्धतीचा अवलंब केला, ती टॅनर आणि व्हाइटहाउस या ब्रिटिश संशोधकांच्या नावाने ओळखली जाते. डाव्या हाताचे व मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र घेतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात. वाढ पुरी होत आली की ते हाडाशी एकजीव होतात. निरनिराळ्या हाडांच्या या अवस्थेला गुण देऊन त्यांच्या बेरजेवरून अस्थिवय काढले जाते. जागतिक फुटबॉल महासंघाने २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेपासून मनगटाची चुंबकीय अनुस्पंदन चाचणी सुरू केली. या चाचणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत, हा तिचा विशेष.

या चाचण्यांनी धाक निर्माण झाला, हे निश्चित. तथापि त्यांच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. हाडे परिपक्वता सांगतात, जन्मतारीख सांगत नाहीत. निरोगी मुलांमध्येही अस्थिवय आणि खरे वय यांत एखाद्या वर्षाची तफावत सहज आढळते. कोणाची वाढ लवकर होते, कोणाची उशिरा. त्यामुळे खरे बोलणारा पण लवकर वाढलेला मुलगा चाचणीत अडकू शकतो आणि वय चोरणारा पण उशिरा वाढणारा निसटू शकतो. शिवाय टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीत मुलग्यांची मोजणी साडेसोळा वर्षांशी संपते; त्यापुढच्या वयोगटांत तिचा उपयोग नाही. चाचणीसाठी आलेला मुलगा तोच आहे ना, हेही कोणीतरी पाहावे लागते. म्हणजे फिरून प्रश्न मोठ्या माणसांच्या सचोटीशीच येऊन ठेपतो.

हानी कोणाची?

१ डिसेंबर २०१५ रोजी दिल्ली येथे मन्सूर अली खान पतौडी स्मृतिव्याख्यान देताना राहुल द्रविड यांनी आपल्या भाषणाचा मोठा भाग या विषयाला दिला. भारतीय संघाचे हे माजी कर्णधार त्या वेळी एकोणीस वर्षांखालील संघाचे मार्गदर्शक होते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा: स्थानिक स्पर्धेत खेळता यावे म्हणून प्रशिक्षक मुलाची तारीख बदलतो, तेथून या गोष्टीला सुरुवात होते, पालक ती मान्य करतात, आणि ज्या मुलाने आपल्या आईवडिलांना व गुरूला खोटा दाखला करताना पाहिले, तो पुढे लबाड झाला तर नवल कसले? चौदाव्या वर्षी वयाबाबत खोटे बोलणारा पंचविसाव्या वर्षी सामना विकण्यास तयार होऊ शकतो, हा धोका त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडला.

वयचोरीने तिघांची हानी होते. पहिला तो, ज्याची जागा गेली. चौदा वर्षांखालील संघात पंधरा-सोळाच्या मुलाने जागा अडवली की खरा तेरा वर्षांचा मुलगा बाहेर राहतो. आपण कमी पडलो, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः तो केवळ लहान असतो. काही वेळा त्याला सत्य ठाऊक असते, आणि ते अधिकच वाईट, कारण सचोटी हा तोट्याचा व्यवहार आहे, असे अनुमान तो काढतो. असा मुलगा खेळ सोडून देतो, आणि त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

दुसरा तो, जो मैदानावर समोर उभा असतो. कुस्ती, मुष्टियुद्ध, फुटबॉल किंवा वेगवान गोलंदाजी यांत अंगबळाची तफावत म्हणजे इजेची भीती होय.

तिसरा तो, ज्याने वय चोरले. मोठ्या अंगाच्या जोरावर तो लहानांना हरवतो, आणि त्यामुळे कसब मिळवण्याची गरज त्याला वाटत नाही. विशीच्या आसपास सर्वांची शरीरे सारखी होतात, तेव्हा त्याचे भांडवल संपते. शिवाय शालान्त परीक्षा, पारपत्र, नोकरी अशा प्रत्येक ठिकाणी ती तारीख त्याच्या मागोमाग येते. आईवडिलांनी केलेली सही त्याला जन्मभर सांभाळावी लागते.

उपायांची दिशा

केंद्र शासनाच्या क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता जाहीर केली. क्रिकेट मंडळाने २०२० मध्ये वेगळी वाट चोखाळली: ठरावीक मुदतीत जो खेळाडू आपण होऊन खरी तारीख सांगेल, त्याला शिक्षा नाही, योग्य वयोगटात खेळण्यास मुभा, जो लपवील आणि सापडेल, त्याच्यावर दोन वर्षांची बंदी. मार्च २०२५ मध्ये मंत्रालयाने सुधारित संहितेचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यातही एकवार माफीची तरतूद होती. आणि विशेष म्हणजे फसवणुकीस साहाय्य करणाऱ्या प्रशिक्षकांवर व पदाधिकाऱ्यांवर कारवाईचाही विचार त्यात होता.

या दोन तरतुदी एकत्र पाहिल्या पाहिजेत. जी तारीख अकराव्या वर्षी दुसऱ्यांनी बदलली, तिच्यासाठी सतराव्या वर्षी केवळ मुलालाच दंड करणे न्यायाचे नाही. त्याला परत येण्याची वाट हवी. सही करणाऱ्या हातांना मात्र उत्तर द्यावे लागले पाहिजे. आजवर बहुधा याच्या उलट होत आले आहे. मुलावर बंदी येते, आणि प्रशिक्षक पुढच्या हंगामात नवी मुले घेऊन उभा असतो.

तरीही संहिता आणि चाचण्या कुंपणाचेच काम करतील. जोवर बारा वर्षांखालील ढालीला राज्यभर प्रतिष्ठा आहे आणि प्रशिक्षकाची योग्यता ढालींवरून मोजली जाते, तोवर कुंपणाखालून वाट काढली जाईल. लहान वयोगटांतील स्पर्धांचा हेतू विजेते निवडणे हा नसून खेळाडू घडवणे हा आहे, हे संघटनांनी आपल्या वागणुकीतून दाखवले पाहिजे. प्रशिक्षकाच्या हातून किती मुले वीस वर्षांपर्यंत खेळात टिकली, हा प्रश्न त्याने किती ढाली आणल्या, या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचा मानला जावयास हवा.

घरचे काम त्याहून साधे आहे, आणि कठीणही. पंचाचा निर्णय आपल्या मुलाच्या बाजूने चुकीचा लागला, तर पालक टाळ्या वाजवतात की गप्प राहतात, हे मूल पाहत असते. प्रवेशपत्रावर वय लिहिताना वडिलांचा हात क्षणभर थबकला, तेही त्याला दिसते. पूर्वी पाटीवर वरची ओळ गुरुजी लिहून देत आणि मूल खाली तीच ओळ गिरवीत असे. अक्षर मुलाचे असले, तरी वळण वरच्या ओळीचेच येई. मुलांच्या खेळातील लबाडी कमी व्हावी असे वाटत असेल, तर आरंभ वरच्या ओळीपासून करावा लागेल.